समजलं नाही, तर नाही

वर्ला स्टबलफील्डने उभं आयुष्य शाळेची बस चालवली. विलो फ्लॅट गावच्या निम्म्या माणसांना तिने लहानपणी "गप खाली बस, नाहीतर इथंच उतरवीन" असा दम दिलेला. ती माणसं म्हातारी व्हायला आली तरी तिच्यापुढे आवाज चढवत नसत. बाई फटकळ, पण आतून साफ.

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याच्या त्या कोपऱ्यात मतपत्रिका टपालाने घरी यायची, सोबत माहितीचं एक जाडजूड पुस्तक. उमेदवारांचं काही अवघड नसतं. माणूस ओळखीचा असतो, त्याला मनसोक्त नावं ठेवता येतात. खरा ताप प्रस्तावांचा. कुठला कायदा करायचा, कुठला मोडायचा, हेही लोकांनीच ठरवायचं, आणि प्रस्ताव लिहिणारे वकील असले दिवटे की वाक्य संपेपर्यंत हातातली कॉफी गार व्हावी.

म्हणून दर निवडणुकीला वर्लाच्या स्वयंपाकघरात मतपत्रिकांचं जेवण व्हायचं. प्रत्येकाने एकेक प्रस्ताव घरून वाचून यायचा आणि टेबलावर सांगायचं, 'हो' म्हटलं तर काय होईल, 'नाही' म्हटलं तर काय. कोण कुणीकडे, ते विचारायचं नाही आणि कुणाला आपल्याकडे ओढायचंही नाही. एवढं करूनही डोक्यात प्रकाश पडला नाही, तर वर्लाचा नियम होता, "समजलं नाही, तर नाही. निदान आहे ते तरी जागेवर राहील." हा नियम त्या रस्त्यावर पोराटोरांनाही पाठ होता.

त्या वर्षी सगळ्यांचा जीव एकाच प्रस्तावात अडकलेला. गावाची अँब्युलन्स बंद करायची आणि घाटापलीकडच्या शहरातल्या गाडीवर भागवायचं, असा ठराव वरच्या मंडळींनी करून टाकला होता. लोकांनी सह्या गोळा करून तो मतदानाला आणला. नदीन टॅकेटचं काळीज अधू होतं. आदल्या हिवाळ्यात तिला याच गाडीने जिवंत दवाखान्यात पोचवलं होतं.

जेवणाला नदीन आणि तिचा नवरा ऑरिन सगळ्यांच्या आधी आले. ऑरिन हात चोळत म्हणाला, "आपलं काम फत्ते! येता येता माझी मतपत्रिका कचेरीपुढच्या पेटीत टाकूनच आलो."

"न ऐकताच?" वर्लाने रश्श्यातला डाव तसाच धरला.

"ऐकायचंय काय त्यात? डोक्यावरून गेलं सगळं. मग काय, एकजात 'नाही'. तुझाच नियम! आणि आमची अँब्युलन्स बंद करतात म्हणजे काय? नाही म्हणजे नाही!"

तो प्रस्ताव वर्लाच्याच वाट्याला होता. तिने हात पुसले, पुस्तक उघडलं आणि वाचलं, "अँब्युलन्स बंद करण्याचा ठराव रद्द करावा का?"

"पुन्हा वाच," नदीन म्हणाली.

वर्लाने पुन्हा वाचलं. मग बसमध्ये मुलांना समजावायची तशी म्हणाली, "ठराव रद्द झाला तरच गाडी राहणार. गाडी हवी असेल त्याने 'हो' म्हणायचं."

"मग मी..." ऑरिनचा चेहरा उतरला. पेटीत पडलेलं मत परत मिळत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

"तू गाडी न्या म्हणालास," नदीन म्हणाली. रागाने नव्हे. तिने पर्समधून आपली मतपत्रिका काढली, 'हो'पुढचा गोल शाईने भरला आणि पाकिटावर सही केली. "घे, माझं-तुझं फिटलं. आपण दोघांनी मतच दिलं नाही असं समज. चल, रस्सा वाढ गं वर्ला." ती हसली. ऑरिनला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्लाने कुणाला ओढायचं नाही हा आपलाच नियम मोडला आणि घरोघर जाऊन 'हो' म्हणा सांगत सुटली. काहींनी ऐकलं. पण बऱ्याच दारांत उत्तर आलं ते असं, "अगं, परवाच टाकलं की! कळेना, तेव्हा तुझा नियम लावला." वर हे सांगताना शाबासकी मिळावी असे चेहरे. वर्लाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रस्ताव थोडक्या मतांनी पडला. अँब्युलन्स गेली.

ऑरिन तिच्या दारात येऊन उभा राहिला. "वर्ला, माझ्या एका मताने काय झालं असेल गं?"

"एका मताने काही होत नाही रे," ती म्हणाली. पुढचं, आपल्या नियमाबद्दलचं, तिने गिळलं.

बर्फ पडायच्या आतच तिने पिकअपची चाकं बर्फात घसरू नयेत म्हणून बांधायच्या साखळ्या बाहेर काढल्या, गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवलं आणि टॅकेटांकडे जाऊन बजावलं, "फोन करा, शहरच्या गाडीची वाट बघत बसू नका. तो घाट मला तोंडपाठ आहे." डिसेंबरात, भर दुपारी फोन आला. वर्लाने गाडी हाणली. मागच्या सीटवर ऑरिन नदीनला घट्ट धरून बसला होता. घाट उतरायच्या आत नदीन गेली. शहरातून बोलावलेली गाडी त्यांना पुढच्या वळणावर भेटली.

वसंतात पुन्हा मतपत्रिका आल्या. जेवण ठेवावं की नाही, वर्लाच्या मनाचं ठरेना, पण लोक आपापली भांडी घेऊन आलेच. सगळ्यात शेवटी ऑरिन आला, एकटा. त्याने पाकीट टेबलावर ठेवलं, चिकटवलेलं नव्हतं. आतली मतपत्रिका कोरी होती.

वर्लाने पहिला प्रस्ताव वाचला. "समजलं का सगळ्यांना?"

"मला नाही समजलं," ऑरिन म्हणाला. "पुन्हा वाच."

नदीनच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. वर्लाने चष्मा पुसला आणि पहिल्या शब्दापासून वाचायला घेतलं.