कय्यूमभाईंचा खराब फोटो

कय्यूमभाईंइतका सरळ माणूस मोताळ्यात नसेल, आणि माझं डोकं उठवणाराही. पस्तीस वर्षं फोटो काढतात. त्यांच्या दुकानातून टकला, सुरकुतलेला किंवा दुर्मुखलेला माणूस बाहेर पडत नाही. कॉम्प्युटरवर बसून ते सगळ्यांना देखणं करून सोडतात.

बनाबाई माझी पक्षकार. शेजाऱ्यानं धुरा, म्हणजे मधला बांध, नांगरून तिच्या शेताची पट्टी घशात घातली, हद्दीचा दगडही उपटून फेकला. दगड कुठे होता हे सांगणारी एकच गोष्ट उरली होती : तिच्या नवऱ्यानं पोळ्याला शेतात बैलजोडीसोबत कय्यूमभाईंकडून काढून घेतलेला फोटो. नवरा गेला त्याला तीन वर्षं झाली. फोटो पाहिला तर नवरा आहे, बैल आहेत, मागचा कडुनिंब आहे आणि दगडच नाही.

"बैलाच्या पायात येऊन राह्यला होता, मॅडम," कय्यूमभाई म्हणाले. "साफ केला. लय मेहनत लागली."

मी कपाळावर हात मारला. कोर्टाला फोटो जसा काढला तसा लागतो, आणि तो तसाच आहे असं काढणाऱ्यानं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. तीनदा समजावलं. मूळ फोटो मागितला तर हसले. खराब फोटो कोण सांभाळतं, म्हणे. मी चिडून उठले आणि दाराशीच थबकले. भिंतीवर त्यांच्या कारागिरीची जाहिरात होती, 'आधी' आणि 'नंतर'. 'आधी'मध्ये बनाबाईचा नवरा, बैल आणि चुना लावलेला तो दगड! जाहिरातीपुरती ती एक फाईल त्यांनी कॉम्प्युटरमध्ये ठेवली होती.

आता सही करेनात. खराब कामावर आपलं नाव नको. आठवडाभर मी त्यांच्यापुढे डोकं फोडलं. शेवटी बनाबाईच दुकानात जाऊन बसली.

"त्या गोट्याले चुना त्याईनं सोताच्या हातानं लावला होता, भाऊ," ती म्हणाली. "पुसू नका."

त्यांनी सही केली.

बुलढाण्याच्या कोर्टात समोरच्या वकिलानं दोन्ही फोटो नाचवले. एकातला दगड तुम्ही काढलात, मग दुसऱ्यात घातला नाही कशावरून? कय्यूमभाईंचे कान लाल झाले.

"साहेब," ते न्यायाधीशांना म्हणाले, "मी हात लावला असता, तं हा फोटो इतका खराब राह्यला असता का?"

न्यायाधीशांनी दोन्ही फोटो शेजारी धरून बराच वेळ पाहिले आणि खराब फोटो पुराव्यात घेतला. कय्यूमभाई महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.