संन्याशापुढचा पडदा

वन्सं,

रोज तोंड बघतो एकमेकींचं, तरी हे लिहून काढतेय. कारण तोंडी सांगायला लागले की तुम्ही "काहीतरीच!" म्हणून शिवणयंत्र सुरू करता आणि माझं अर्धं बोलणं त्या खडखडाटात जातं. शिवाय "तुम्ही असं केलंत, तसं केलंत" असं लिहिलं तर ओळीओळीला हरकत घ्याल. म्हणून 'ती' म्हणते. परकी बाई समजून वाचा आणि मध्ये बोलू नका.

तर ती पडदे शिवायची. लग्न केलं नाही. आईवडिलांचं दुखणं-खुपणं काढलं, धाकट्या भावाला मार्गी लावलं आणि एका दुकानावरच्या खोलीत एकटीचा संसार मांडला. संसार म्हणजे खाट, स्टोव्ह आणि यंत्र. कुणी कौतुकाने काही आणून दिलं की दुसऱ्या दिवशी परत. जिन्यावरून पडून पाय मोडला, तेव्हा भाऊ आणि भावजय तिला न्यायला आले.

"मागची खोली रिकामीच आहे, ताई," भाऊ म्हणाला.

"मग भाड्याने दे."

"अगं, म्हातारपणी एकटीने..."

"म्हातारी तुझी बायको. मला कशाचा मोह नाही, म्हणून कुणाची गरज नाही. झालं?"

प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टरांनी भावजयीला बजावलं, की पुन्हा अशी पडली तर कुणाला कळेपर्यंत उशीर झालेला असेल. भावजयीने ते नणंदेला जसंच्या तसं सांगितलं. गोड करून सांगणं तिला कधी जमलं नाही.

"बरंच की," ती म्हणाली, "कुणाची खोटी व्हायला नको."

कपाळ!

त्यानंतर रुग्णालयाचं काम आलं. तिथे प्रार्थनेची एक खोली होती, कुणीही येऊन बसावं अशी. एका जुन्या पेशंटने काढून दिलेलं भिंतभर चित्र तिथे लावलेलं होतं. "लोक बिचकतात," व्यवस्थापक म्हणाले, "झाकून टाकू." शिडीवर चढायची तिला मनाई होती, म्हणून टेपचं टोक धरायला भावजय बरोबर गेली.

कुठल्याही कामाला तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "आत कोण?" कापडाची सुलटी बाजू आतल्या माणसाकडे हवी, बाहेरच्याला उलटी दिसली तर दिसू दे, हा तिचा धंद्यातला कायदा.

"आत भिंत आहे, बाई," व्यवस्थापक हसले आणि निघून गेले.

दोघी चित्रासमोर उभ्या राहिल्या. आटलेल्या समुद्राचा भेगाळलेला तळ. त्यावर गुडघे टेकून बसलेला एक हाडकुळा संन्यासी, हातात दिवा. त्याच्या मागे आभाळभर वरात: घराएवढं फुटलेलं डाळिंब आणि त्याच्या दाण्यादाण्यात उजेडाची खिडकी, आत बाई नसताना डौलात चालणारा रेशमी झगा, कशालाच न टेकलेल्या जिन्यावरून चढणारा, मुकुट घातलेला साप, पाठीवर पलंग घेऊन उडणारा पंखांचा मासा.

"हे काय गं? ताप भरला होता का त्याला?"

भावजयीने कॉलेजात असलं थोडंफार वाचलेलं होतं. "मोह आहेत ते, वन्सं. डाळिंब म्हणजे सुखाची हाव. झगा म्हणजे देह. सापाच्या डोक्यावर सत्ता. पलंगाचं मी सांगायला नको."

"चावट! आणि दिवा?"

"दिवा म्हणजे त्याचं ज्ञान, त्याची श्रद्धा. मोह समोर आला की तो दिवा त्याच्या तोंडावर धरायचा, म्हणजे मोह विरघळतो."

ती टेप गुंडाळत होती. हात थांबला.

"पण ही सगळी वरात तर त्याच्या पाठीमागे आहे."

"हो."

"त्याने वळूनसुद्धा बघितलेलं नाही. मग दिवा कुणाच्या तोंडावर धरलाय?"

भावजयीने पुन्हा नीट पाहिलं. दिवा चित्राच्या बाहेर रोखलेला होता. सरळ त्यांच्यावर. दोघी एकदमच मागे वळल्या.

मागच्या बाकावर डोक्याला पट्टी बांधलेला एक म्हातारा आणि त्याची बायको बसली होती. म्हातारी संत्रं सोलत होती. "बी काढून दे," तो कुरकुरला. "दात आहेत ना अजून?" म्हातारी म्हणाली, आणि बी काढून फोड त्याच्या हातावर ठेवली.

एवढंच.

ती पुन्हा चित्राकडे वळली. जवळ गेली, नाक लागेल इतकी जवळ. संन्याशाचे डोळे आता दोघींनाही वेगळे दिसत होते. ते ओले होते. त्यांत भीती होती, आणि भीतीपेक्षा जास्त काहीतरी, ज्याला भावजयीच्या पुस्तकांत शब्द नव्हता. खोली इतकी शांत झाली की संत्र्याचा वाससुद्धा मोठा वाटायला लागला. ती कधी कुणासमोर वाकली नव्हती. त्या दिवशी तिने हात जोडले. देवाला की त्याला, कोण जाणे. भावजयीनेही जोडले. आपण कशाच्या तरी फार जवळ आलो आहोत आणि आता मोठ्याने श्वास घेऊ नये, असं तिला वाटत राहिलं.

"बिचारा," नणंद शेवटी कुजबुजली. "दिवसभर माणसं येणार, एकमेकांना धरून. किती बघायचं त्याने?"

पडदा तिने जीव ओतून शिवला. मोरपंखी कापड, मापात पडलेल्या चुण्या, खाली वजनाची पट्टी. लावला तेव्हा व्यवस्थापक चपापले. "अहो, उलटा लागलाय! फिकी बाजू आमच्याकडे आली."

"सुलटा आहे. आत तो बसलाय."

"कोण?"

"ज्याचा पडदा आहे तो. दोरी खाली सोडलीय. ज्याला बघायचं असेल त्याने ओढावी, पण नंतर आठवणीने सरकवावी. त्यालाही जरा डोळे मिटू देत."

परतताना टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत बसली. दिवेलागण झाली होती. उघड्या खिडक्यांतून कुणी पोळपाट पुसत होतं, कुणी कुणावर ओरडत होतं.

"तुमची ती मागची खोली," ती बाहेर बघतच म्हणाली, "खिडकी केवढी आहे गं?"

"कधी मोजली नाही."

"मोजून ठेव. रुंदी दोनदा घे, तुझा भरवसा नाही. पुढच्या आठवड्यात येते. यंत्रासकट येईन, चालेल?"

"न चालून सांगते कुणाला!"

ती आली. आल्या आल्या भावजयीचा स्वयंपाक, भावाचे शर्ट, सगळ्यांत खोड काढून झाली. त्या खिडकीचं माप मात्र राहिलंच, आणि पडदाही. भावजय म्हणते, मोजणारी घरात असताना मी टेप कशाला शोधू? ती म्हणते, काम तुला सांगितलं होतं. संध्याकाळी दिवा लागला की खोली मागच्या रस्त्यावरून सताड दिसते, यंत्रावर वाकलेली ती, शेजारी वटवट करणारी भावजय. जाणारे-येणारे मान वर करून बघतात. बघोत. माप अजून घ्यायचंय.