बाभळीची लाकडं

चुलीत बाभळीचं लाकूड धुमसलं की मला अमरावतीतली ती सकाळ आठवते. कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि एकही बैलगाडी रिकामी नव्हती. आम्ही ख्रिस्ती झाल्यापासून सोयरे दूर झाले होते. तापाने माझा नवरा गेला, तरी कोणी फिरकलं नाही. मी कामं ओळीने उरकत होते: आंघोळ, कफन, मग खड्डा. रडू येत नव्हतं.

तेवढ्यात शेजारचा सखाराम माळी कापसाचं भाडं सोडून गाडीभर लाकडं घेऊन आला.

"दादा, आमी जाळत नाई. पुरतो," मी म्हणाले.

तो गाडीकडे बघत राहिला. "मले काय मालूम, वहिनी? मंग हे लाकडं?"

"न्या परत."

"राहू दे. तुले भाकरी तं कराच लागन ना?"

त्याने लाकडं दारात उतरवली आणि खड्डा खणायला कुदळ उचलली.

देवाचे आभार मानण्याचं एक कारण रोज वहीत लिहा, असं पाद्रीसाहेबांनी सांगितलं होतं. ओळ रिकामी राहू नये म्हणून मी 'गाडीभर लाकडं' एवढंच लिहिलं. वाटलं काहीच नाही.

त्या लाकडांवर मी चार महिने भाकरी भाजली. शेवटचं लाकूड चुलीत घातलं त्या दिवशी ती ओळ पुन्हा वाचली, आणि मग रडू आलं.