कात्री न लागलेले कापड

विमलताईंची आणि माझी पहिली भेट नगरच्या लष्करी लिलावात झाली. शाळेसाठी स्वस्तात बाके मिळतील या आशेने मुख्याध्यापकांनी मला धाडले होते. भंगारवाल्यांच्या गर्दीत पदर सावरत एक बाई एका विटक्या तंबूवर बोली चढवत होत्या. एवढ्या चिंध्या कशाला हव्यात, असे एका व्यापाऱ्याने वैतागून विचारले, तर म्हणाल्या, कापडाचं चित्र करायला. बाके मला मिळाली नाहीत. तो तंबू एस.टी.च्या टपावर चढवण्याचे काम मात्र मिळाले. याच बाई आमच्या जामखेडच्या शाळेत शिवण शिकवायला येत आहेत, हे वाटेत कळले.

पुढे बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजची कनात, बँडवाल्यांचे जुने डगले, असे काय काय त्यांनी लिलावांतून आणले. त्यांच्या घरी चहाला गेलो की आधी दोन गाठोडी सरकवावी लागत.

ताई कोपरगावकडच्या. आमच्याकडचे रिवाज त्यांना ठाऊक नव्हते. खर्ड्याजवळच्या एका देवळात ओटीच्या लुगड्यांचा लिलाव होतो. तिथले एक लुगडे त्यांनी हौसेने घेतले आणि चित्रासाठी कापले. गावात कुजबुज सुरू झाली. देवळातल्या गुरवीणबाई शाळेत आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बाई, देवीचं लुगडं हाय ते. नेसा, मुडपा, उशाला घ्या. कातर न्हाई लावायची." दुसरे कोणी असते तर कलेवर व्याख्यान झाडले असते. ताईंनी ते तुकडे जोडले आणि तेच लुगडे नेसून त्या शाळेत येऊ लागल्या. त्यानंतर लिलावातल्या कुठल्याच कापडाला त्यांनी कात्री लावली नाही. सगळे चित्र चुण्या, दुमडी आणि टाके यांतूनच उभे करायचे, ही त्यांची रीत झाली.

त्या लष्करी तंबूवर त्या कित्येक वर्षे खपल्या. आमचे उघडे माळ आणि ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या त्यांनी नुसत्या दुमडींतून उठवल्या होत्या. पुण्याच्या प्रदर्शनाचे बोलावणे आले, तेव्हा आम्हालाच आभाळ ठेंगणे झाले. एवढ्यात दुष्काळ पडला. खडी फोडणाऱ्या बायकांची तान्ही मुले भर उन्हात दगडांशेजारी निजलेली ताईंनी पाहिली आणि घरी येऊन त्या टाके उसवू लागल्या. मी रागावलो. आयुष्यात एकदा आलेली संधी अशी मातीत घालतात का, असेही बोललो. त्यांनी मान वर केली नाही. "पुण्याच्या भिंतीला ऊन लागत नाही, मास्तर," एवढेच म्हणाल्या. कापड अखंड होते, म्हणून दुसऱ्या दिवशी खडीच्या कामावर त्या मुलांसाठी त्याचा पुन्हा तंबू उभा राहिला. पुण्याला अर्थातच काही गेले नाही.

पाऊसपाणी झाल्यावर बायकांनी तो धुऊन परत आणला. फाटला होता तिथे त्यांनी आपापल्या हाताने, जमेल तसे टाके घातले होते. शिवणाच्या वर्गात वाकडा टाका दिसला की उसवायला लावणाऱ्या ताईंनी त्यातला एकही उसवला नाही. त्याच टाक्यांच्या आजूबाजूने त्यांनी साठाव्या वर्षी नवे चित्र मांडले आहे. परवा पाहिले, अजून एक कोपराही भरलेला नाही. ते पुरे व्हायला पुष्कळ वर्षे लागतील. ती सगळी ताईंना धडधाकट हातांनी आणि शाबूत नजरेने लाभोत, आणि चित्राची त्यांनी मुळीच घाई करू नये.