विनयची बोट आणि सात तांदूळ

आम्ही मित्र जमलो की कुणीतरी म्हणतंच, "सुहास, ते बोटीचं सांग ना!" मी विचारतो, "त्यातलं कुठलं?" कारण चार-साडेचार वर्षांत इतके किस्से साचलेत की एक सांगायला घेतला की मागून दुसरा घरंगळत येतो. ऐकणारे पोट धरून हसतात. मला मात्र हसू येत नाही, यार. मी तिथे होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. विनय माझा शाळेपासूनचा मित्र. बोरीवलीत आमची एकच सोसायटी, तो तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. त्याची मुलगी तन्वी शिडाच्या छोट्या बोटींच्या शर्यती खेळते. क्लबची जुनी, पाणी प्यायलेली बोट घेऊन ती नेहमी शेवटून तिसरी यायची. एकदा कोच म्हणाला, "पोरगी चांगली आहे हो, बोट जड आहे." झालं! विनय पडला इंजिनियर. त्याने ठरवलं, कार्बन फायबरची हलकी बोट आपणच बनवायची. घरी, हॉलमध्ये!

तन्वी तेव्हा चौदा वर्षांची होती. एकोणीस पूर्ण झाली की ज्युनियरच्या शर्यती बंद. मी म्हटलं, "पाच वर्षं आहेत, जमेल." तर विनय चिडला. "पाच वर्षं? सहा महिन्यांत उभी करतो!"

मला तेव्हाच पहिल्या मजल्यावर जाऊन कडी लावून घ्यायला हवी होती.

*

सोसायटीत पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न. "पण दारातून बाहेर जाईल का?" दूधवाला, सेक्रेटरी, चौथ्या मजल्यावरचे शाहभाई, झाडून सगळे हेच विचारायचे आणि आपल्यालाच हे सुचलं अशा थाटात हसायचे. विनयने सगळ्यात आधी दारच मोजलं होतं. शेवटी वैतागून त्याने दारावर कागद चिकटवला : "हो, जाते. मोजलंय."

दुसऱ्या दिवशी त्याखाली कुणीतरी पेनाने लिहिलं, "आणि जिन्यातून?"

*

पहिलं रेझिन भर मे महिन्यात. रेझिन म्हणजे तो चिकट डिंक, त्यात हार्डनर मिसळला की तो घट्ट होतो आणि कार्बनचं कापड दगडासारखं कडक होतं. विनयने एका प्लास्टिकच्या डब्यात भरपूर मिसळून ठेवलं आणि आम्ही निवांत कापड कापत बसलो. माझं काम एकच असायचं, धरणे. विनय म्हणायचा "ही बाजू धर", आणि मी धरायचो.

दहा मिनिटांत डब्यातून धूर! डबा हातात धरवेना, खालून वितळायला लागला. विनय तो घेऊन बाथरूमकडे पळाला आणि मी धरलेली बाजू सोडावी की नको या विचारात तिथेच उभा राहिलो.

फोन लावला डॉमनिकला. डॉमनिक मढचा. तिथे मच्छीमारांच्या फायबरच्या बोटी दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं. तो म्हणाला, "अरे, डब्यात ठेवशील तर तापणारच. रुंद भांड्यात पसरून ठेव, गरमी निघून जाते."

घरात सगळ्यात रुंद भांडं कुठलं? विनयची बायको स्मिता संध्याकाळी ऑफिसातून आली तेव्हा तिची कणकेची परात काळी ठिक्कर होऊन खिडकीत वाळत होती. तिच्या माहेरची परात, पितळेची! दुसऱ्या दिवसापासून ती कणीक ओट्यावर मळायला लागली. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं विनय अजून म्हणतो.

*

मग मोटरचा किस्सा. कापड बोटीच्या साच्यात अंथरून रेझिन लावलं की वरून प्लास्टिक सीलबंद करायचं आणि पंपाने आतली हवा खेचायची. म्हणजे कापड साच्याला घट्ट दाबून बसतं. हा पंप सात-आठ तास अखंड चालावा लागतो. रविवारी सकाळी विनयने पंप लावला, घर्रर्र.

आता आमच्या सोसायटीत घर्रर्र आवाजाचा अर्थ एकच. पाणी आलं! बाया उठल्या, बादल्या लावल्या, पिंपं भरली. तळमजल्यावरच्या काकूंनी तर गोधड्या भिजवल्या. आणि तासाभरात टाकी कोरडी ठणठणीत!

इकडे वॉचमन हवालदिल. टाकीची मोटर तर बंद आणि आवाज चालूच. त्याने सेक्रेटरीला बोलावलं, सेक्रेटरीने इलेक्ट्रिशियनला. तिघांनी कान लावून लावून शोध घेतला आणि मीटरच्या खोलीत जाऊन त्या विंगचा मेन स्विचच खाली ओढला.

वर पंप थांबला. प्लास्टिक हळूहळू सैल पडलं, खालून कापड उचललं गेलं, बुडबुडे आले. तीन महिन्यांची तयारी आमच्या डोळ्यांदेखत फुगून वर आली. विनय जमिनीवर बसला. तेवढ्यात बेल वाजली. दारात सेक्रेटरी, चेहऱ्यावर केवढं समाधान! म्हणाला, "विनयराव, काळजी नको. बंद केली मोटर!"

*

विनयला वजनाचं वेड लागलं ते त्यानंतर. घरात वजनाचा डिजिटल काटा होता, तो हॉलमध्ये आला. स्क्रूसुद्धा डझनावारी वजन करून लावायचा. रंग नको, रंगाला वजन असतं. तन्वीला बोटीवर नाव लिहायचं होतं, तेही नको, स्टिकरला वजन असतं.

स्मिता एवढंच म्हणायची, "अरे, तो काटा जास्त दाखवतो. मी कधीपासून सांगतेय." आणि आम्ही दोघं खो खो हसायचो. म्हटलं, काट्यावर उभी राहिलेली प्रत्येक बाई हेच म्हणते.

*

आता दसरा. हा सांगायला नको वाटतो, पण हा सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

विनयची आई म्हणजे आमच्या बाई. पालिकेच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं. मला, विनयला, सोसायटीतल्या निम्म्या लोकांना त्यांनीच शिकवलंय. अजूनही समोर दिसल्या की मी आधी सिगारेट टाकतो. वय ऐंशीच्या पुढे, कणा ताठ.

दसऱ्याला त्यांच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा. विळी, कात्री, शिवणयंत्र, विनयची स्कूटर. त्या वर्षी त्यांनी पहाटे अंघोळ करून बोटीच्या साच्याचीही पूजा केली. नात त्या बोटीतून समुद्रावर जाणार, तर पहिला मान बोटीचा, असं त्यांचं म्हणणं. हळदकुंकू, झेंडू, अक्षता.

विनय उठला, झेंडू उचलला, हळदकुंकू फडक्याने पुसलं. पण साचा आतून मेण लावून गुळगुळीत केलेला. अक्षता घसरत घसरत पुढच्या निमुळत्या टोकाला जाऊन बसल्या होत्या. तिथे हातही जात नाही नि नजरही. वरून कापड आलं, रेझिन आलं, प्लास्टिक आलं. पंप या वेळी आठ तास इमानदारीत चालला. त्या दिवशी वॉचमन स्वतः पहाऱ्याला बसला होता!

दोन दिवसांनी साच्यातून बोट काढली. काय बोट होती, राव! काळीभोर, आरशासारखी. आणि अगदी नाकावर, बाहेरून, सात तांदूळ. अंगठीत खडे बसवावेत तसे बसलेले.

डॉमनिक खास मढहून आला. बोट फिरवत म्हणाला, "टोकरून काढ, खड्ड्यात पुटी भर, पॉलिश मार. दोन तासांचं काम. जा, चहा टाक."

विनय म्हणाला, "पुटीला वजन असतं."

"अरे, किती वजन असतं?"

"असतं!"

आणि त्याने पॉलिश पेपर घेतला. घासलं. एक तांदूळ गेला, दोन गेले. मी नाक धरून उभा, म्हणजे बोटीचं. म्हटलं, "विन्या, पुरे." तो घासतच राहिला. सातवा तांदूळ निघाला तेव्हा त्या जागी भोक होतं, आणि भोकातून पलीकडे बाईंचं देवघर दिसत होतं.

पुढचं मला बघवलं नाही. त्याने ती अख्खी बोट रद्द केली. डॉमनिक हात जोडून म्हणाला, ठिगळ लावू, कळणारसुद्धा नाही. ऐकलं नाही. "ठिगळाची बोट देऊ मुलीला?" करवतीने तुकडे केले. मग पुन्हा कापड मागवलं, ते यायला वेळ. ते आलं तर पाऊस आला, आणि पावसाळी हवेत रेझिन नीट धरत नाही. वर्ष गेलं.

आणि तेच वर्ष तन्वीचं होतं. कोचने घरी येऊन सांगितलं होतं, या वर्षी बरी बोट मिळाली तर संघात सिलेक्शन नक्की. तन्वी क्लबच्या त्याच जुन्या बोटीवर गेली आणि एका नंबराने राहिली. एका!

ती घरी आली, बूट काढले, कुणाकडेही न बघता आत गेली. विनय आईकडे वळून म्हणाला, "तुझे सात तांदूळ." एवढंच. त्यानंतर बाई हॉलमध्ये येईनाशा झाल्या. जेवणसुद्धा आतल्या खोलीत. पुढच्या दसऱ्याला त्यांनी विळीची पूजा केली, स्कूटरची केली, आणि हॉलच्या दारातून परत फिरल्या.

*

एकदा विनय तन्वीला म्हणाला, "केस जरा कापून घे ना, तेवढेच ग्रॅम वाचतील." ती तेव्हा सतराची. कंगवा ठेवून म्हणाली, "बाबा, तू बोट हलकी करत राहा. मी तोवर म्हातारी होते."

विनय हसला. घरात दुसरं कुणी हसलं नाही.

*

बोट शेवटी झाली. तन्वीच्या एकोणिसाव्या वाढदिवसाला नऊ दिवस बाकी होते आणि ज्युनियरची एकच शर्यत उरली होती, मढला. सकाळी मी आणि विनयने बोट उचलली, जरा तिरकी केली, दारातून बाहेर! जिन्याची वळणं, तीही पार! चार वर्षं हसायला टपलेली सगळी सोसायटी जिन्यात उभी होती. शाहभाई तर एवढे निराश झाले की म्हणाले, "अरे, खरंच जाते की!"

निकाल आधीच सांगून टाकतो, नंतर विचारू नका. तन्वी आठवी आली. इतर पोरं आपापल्या बोटी वर्षानुवर्षं चालवत होती, तिला आपली बोट ओळखीची व्हायलाच अर्धी शर्यत गेली. उतरल्यावर म्हणाली, "बाबा, झकास बोट आहे रे. दोन वर्षांपूर्वी हवी होती." नऊ दिवसांनी ती एकोणीसची झाली. विषय संपला.

*

पण मला ती शर्यत आठवत नाही. मला त्याच्या आधीचा अर्धा तास आठवतो.

शर्यतीआधी प्रत्येक बोटीचं वजन होतं. ठरलेल्या वजनापेक्षा बोट हलकी चालत नाही. कमी भरली तर तेवढं शिसं लावायचं, मगच पाण्यात. विनयला हे पाठ होतं. घरच्या काट्यावर त्याने बोट त्या वजनाला बरोब्बर आणून ठेवली होती, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही.

बाईही आल्या होत्या. तन्वीनेच हाताला धरून आणलं होतं, "आजी, शेवटची आहे गं, चल." नारळीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. बोटीपासून लांब.

तपासनिसाने बोट काट्याला टांगली, आकडा बघितला, पुन्हा टांगली. म्हणाला, "साहेब, कमी भरतेय. दोनशे दहा ग्रॅम."

विनय म्हणाला, "शक्य नाही. घरी मोजलीय."

स्मिताने त्याच्याकडे नुसतं बघितलं. मी वाळूकडे बघायला लागलो.

तपासनीस म्हणाला, "घरचा काटा जास्त दाखवत असेल. शिसं लावून घ्या, वीस मिनिटं आहेत." आता शिसं कुठून आणणार? डॉमनिक पळत घरी गेला. जाळ्याला बांधतात ते शिशाचे मणी मूठभर घेऊन आला आणि विनयच्या हातावर ओतले. विनय ते बघत उभा राहिला. शिसं चिकटवायची टेप माझ्या हातात, आणि मला कुणी धर म्हणेना.

तेवढ्यात मागून आवाज आला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा ना, तोच आवाज.

"विनय, दोनशे दहा ग्रॅम म्हणजे किती तांदूळ रे?"