वाफ सोडावी
परवा एका जुन्या कपाटातून स्टेन्सिलच्या शाईचा वास आला आणि सातिवलीचा तो कारखाना आठवला. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. सूत रंगवायच्या त्या कारखान्यात मी नुकताच कारकून लागलो होतो, आणि मालकांनी मला वाफेच्या टाकीसाठी सूचना लिहायला सांगितल्या. ‘झाकण उघडण्यापूर्वी वाफ सोडावी,’ असं मी लिहिलं आणि स्टेन्सिलवर त्याच्या प्रती काढल्या. टाकी सांभाळणारे गोखिवऱ्याचे एक म्हातारे कामगार तो कागद धरून बराच वेळ उभे राहिले. “सोडायची म्हंजे आत का भायेर? पानी सोडतो तवा आपन नळ चालूच करतो ना?” मी हसलो. “काका, ‘बाहेर काढा’ बरं दिसत नाही. वाचणाऱ्याला कळतं.” त्यानंतर ते झाकणाला दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात. मग ते तापाने पडले. त्यांच्या जागी आलेला नवा माणूस टाकीजवळच्या भिंतीवर लावलेल्या माझ्या कागदासमोर उभा असलेला मला ऑफिसच्या खिडकीतून दिसला. त्याने ओळीवर बोट ठेवून वाचलं, मान हलवली आणि वाफ आत घेणारा कॉक पूर्ण उघडला. पाइप थरथरायला लागले. मी ओरडत धावलो, पण तोवर त्याने झाकणाची कडी काढली होती. तो वाचला, दोन्ही हात मात्र कोपरापर्यंत भाजले. दवाखान्यात मी त्याला म्हटलं, “चूक माझी आहे.” तो म्हणाला, “नाय साहेब, मी नीट वाचलं होतं.” त्याचा चेहरा आता मला आठवत नाही, तो मलाच धीर देत होता, एवढं मात्र विसरता येत नाही.