महिनेवाल्यांची सून

वेताच्या खुर्च्या विणून देणाऱ्या त्या घराला सगळं गाव महिनेवाले म्हणायचं. हे नाव कधीकाळी टवाळीनं पडलं असलं, तरी आता लोक ते आदरानं घ्यायचे. खुर्ची विणायला टाकली की महिन्यानं मिळणार. आधी मागितली, तर म्हातारे सासरे, म्हणजे गावाचे काका, चष्म्यावरून असे बघायचे, की मागणाऱ्याला आपण चारचौघांत काहीतरी वावगं बोललो असं वाटावं. पण यांनी विणलेली खुर्ची तीस वर्षं सैल पडत नाही, ही ख्याती तीन पिढ्यांनी कमावलेली होती, आणि दुकानावर साधी पाटी नसली तरी गिऱ्हाईक आपल्या पायानं चालत यायचं.

सुनेची पंचाईत अशी, की तिचे हात भलतेच चपळ होते.

लग्न होऊन आल्यावर ती सासऱ्यांशेजारी स्टूल टाकून बसायला लागली आणि बघता बघता शिकली. आधी वेत भिजत घालायचा, मग उभ्या पट्ट्या, आडव्या पट्ट्या, दोन्हीकडून तिरक्या, आणि शेवटी काठ. सासरे दोन ओळी घालायचे आणि त्या ओळींकडे कौतुकानं बघत चहा प्यायचे. रस्त्यानं कोणी ओळखीचा जायचा. अनोळखी असला तरी पाच मिनिटांत ओळखीचा व्हायचा. तोवर इकडे सून तिरक्या पट्ट्यांना लागलेली असायची. अशी सात वर्षं गेली. मग चार वर्षांपूर्वी सासऱ्यांची बोटं थरथरू लागली आणि सगळं काम तिच्यावर आलं. नवरा टपाल वाटायचा. त्याच्या हाती वेत दिला, तर बघणाऱ्याला वेताचीच कीव यायची.

एकटीनं केलेली पहिली खुर्ची तिनं दोन दिवसांत संपवली आणि मोठ्या हौसेनं निरोप धाडला. आलेल्या गृहस्थांनी खुर्ची खालून वरून न्याहाळली, इतक्यात कशी झाली म्हणून विचारलं, आणि नीट करायला ठेवून निघून गेले. तिनं ती जशीच्या तशी महिनाभर ठेवली. महिन्यानं गृहस्थ तिच्यावर बसले, जरा डुलले आणि खूश होऊन म्हणाले, "आता कशी झाली! शेवटी काकांचा हात आहे तो." त्या दिवशी ती स्वयंपाकघरात जाऊन रडली, मग तिला हसू आलं, आणि मग तिनं ठरवलं, की खुर्ची झाली तरी झाली म्हणायचं नाही.

पण खुर्ची म्हणजे काही रुमाल नव्हे कपाटात कोंबायला. दुकान एका खोलीचं, पुढं मोठी काच, आतलं सगळं रस्त्यावरून दिसणारं. म्हणून तयार खुर्च्या गुपचूप जिन्यानं वर घरात जायच्या. वरच्या दोन खोल्यांत कधी अकरा, कधी चौदा खुर्च्या चादरी पांघरून उभ्या असायच्या. नवरा पलंगापर्यंत पोट आत घेऊन, कडेकडेनं जायचा. एवढ्या खुर्च्यांच्या घरात माणसं जेवायची मात्र पलंगाच्या कडेवर बसून, कारण गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसायचं नाही हा आजेसासऱ्यांपासूनचा नियम.

सासरे हे सारं वरच्या खिडकीजवळ बसून बघायचे. खाली कोणी काकांच्या हाताची तारीफ केली की ते वर नुसते खाकरायचे. सुनेला ते दर वेळी लागायचं. हे माझं काम आहे, असं एकदा तरी ओरडून सांगावंसं वाटायचं. पण सांगितलं आणि गिऱ्हाईक फिरकेनासं झालं तर? नुसत्या टपालाच्या पगारात घर चालणार नव्हतं. दुकान टिकायचं तर काकांचं नाव टिकायला हवं होतं, आणि ते टिकवायला तिनं गप्प बसायला हवं होतं.

अशात एका निवृत्त मुख्याध्यापिकेनं सहा खुर्च्या टाकल्या. नोकरी संपून दहा वर्षं झाली तरी सगळे त्यांना बाईच म्हणायचे आणि समोर ताठ उभे राहायचे. सहाव्या दिवशी बाई दारात हजर. बहीण ठरल्यापेक्षा आधीच येतेय, रविवारपर्यंत होतील तेवढ्या खुर्च्या हव्यात. दोन होतील कदाचित, असं सून चाचरत म्हणाली. मुलं खोटं बोलताना कशी दिसतात हे बघण्यात बाईंचा जन्म गेला होता. काकांनाच विचारते, म्हणत त्या जिना चढल्यासुद्धा. सून मागोमाग धावली.

बाईंनी पहिलीच चादर उचलली. खाली त्यांची खुर्ची. दुसरी उचलली, तिसरी उचलली. सहाच्या सहा तयार. मग त्या पुढच्या रांगेकडे वळल्या.

"ही डॉक्टरांची ना? ते बिचारे तीन आठवडे स्टुलावर बसून पेशंट तपासतायत."

बाई आपल्या एका खुर्चीवर बसल्या, तळहातानं वेत दाबून पाहिला, आणि सासऱ्यांकडे वळून विचारलं, की हे एवढं सहा दिवसांत कोणी केलं आणि इतकी वर्षं गावाला महिनामहिना का ताटकळत ठेवलं.

सासऱ्यांनी चहाचा कप खिडकीत ठेवला.

"हिनं केलं. चार वर्षं सगळं हीच करतेय. माझ्या महिन्याचं विचाराल, तर बाई, तिरक्या पट्ट्या मला कधी एका दमात जमल्याच नाहीत. विणायचं, उसवायचं, परत विणायचं. महिना त्यातच जायचा. लोक समजले, बारकाईनं करतो. मी समजू दिलं. हिला उसवावं लागत नाही, म्हणून हिचं लवकर होतं."

बाईंनी चष्मा काढून पुसला. आपली चूक कबूल करा, असं त्यांनी पस्तीस वर्षं पोरांना सांगितलं होतं, आणि कबूल करणारा माणूस त्यांना आज भेटत होता. जाताना त्या सुनेच्या पाठीवर थोपटून गेल्या.

महिनेवाल्यांचं नाव आता धुळीला मिळणार, या धास्तीनं सुनेला दिवसभर जेवण गेलं नाही. झालं भलतंच. बाईंनी ही गोष्ट घरोघर सांगितली, आणि असं खरं बोलणारं घर शोधून सापडायचं नाही, यावर गावाचं एकमत झालं. दुसऱ्या दिवशी जो तो आपली खुर्ची न्यायला आला, आणि येताना आणखी एक मोडकी घेऊन आला. डॉक्टर आपल्या खुर्चीवर बसून बघत म्हणाले, "तुमचा हात छान आहे हो." तुमचा. सुनेनं उगाचच त्यांची खुर्ची फडक्यानं पुसून दिली.

संध्याकाळी वरच्या खोल्या मोकळ्या झाल्या. कितीतरी दिवसांनी ती सरळ चालत खिडकीपर्यंत गेली आणि सासऱ्यांपुढं चहा ठेवला.

"बाबा, मी सात वर्षं तुमच्या शेजारी बसले. तुम्ही एकसुद्धा पट्टी उसवलेली मी कधी पाहिली नाही."

सासऱ्यांनी कप दोन्ही हातांनी उचलला.

"नाव पुष्कळ होतं, सूनबाई. मला आता कितीसं लागणार? त्यातलं थोडं तुला दिलं."